व्हॉरम पर्सीचं चर्च नेमकं कोणत्या शतकातलं?

प्रश्न असा आला आहे: "यॉर्कशरमध्ये व्हॉरम पर्सीला मुलांना घेऊन गेलो होतो. गाव नाहीच, फक्त छप्पर उडालेलं एक चर्च उभं आहे. फलकावर १०व्या शतकापासून १७व्या शतकापर्यंतचे टप्पे दिले आहेत. मग हे चर्च नेमकं कधीचं समजायचं? भिंतीतल्या कमानी दगडांनी बुजवल्या कशाला? आणि सगळं गाव उठलं, तर चर्च तेवढं कसं राहिलं?"

मी जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करतो. हात बसला तो पुण्यातल्या वाड्यांवर, पण नंतरची बरीच वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या खेड्यांतल्या चर्चच्या छपरांवर आणि पन्हळींपाशी शिडी लावण्यात गेली. "हे कधीचं?" हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारला जातो आणि उत्तर दिलं की माणूस जरा हिरमुसतो. खेड्यातल्या मध्ययुगीन चर्चला एक तारीख नसते. कोपरा एका शतकातला, खिडकी दुसऱ्या, छप्पर तिसऱ्या. पण तुमच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, ते असं की हे चर्च माणसं वाढली तसं फुगलं आणि माणसं घटली तसं आक्रसलं. व्हॉरम पर्सीला ते जितकं उघडं दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही, कारण तिथे छप्पर नाही, गिलावा नाही आणि अर्धा मनोरा उभा चिरल्यासारखा उघडा पडला आहे.

आधी त्या जागेबद्दल थोडं. यॉर्कशर वोल्ड्स म्हणजे खडूच्या दगडाच्या लांबलचक टेकड्या. त्यातल्या एका घळीच्या तळाशी सेंट मार्टिनचं हे चर्च, आणि गाव होतं ते वरच्या सपाटीवर. १९४८ मध्ये मॉरिस बेरेसफर्ड हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक इथे आले. गवताखालचे चौकोनी उंचवटे म्हणजे घरांची जोती आहेत, हे त्यांनी ओळखलं. १९५० मध्ये खणायला सुरुवात झाली, दोन वर्षांनी जॉन हर्स्ट हे पुरातत्त्वज्ञ येऊन मिळाले आणि दर उन्हाळ्यात काही आठवडे असं करत ते उत्खनन १९९० पर्यंत चाललं. इंग्लंडमध्ये अशी उठलेली मध्ययुगीन गावं तीन हजारांच्या आसपास माहीत आहेत. त्यांत एवढं सावकाश आणि एवढं पूर्ण वाचलं गेलेलं हेच.

चर्चच्या आतली जमीनही खणली गेली. सगळ्यात खाली सापडले खांबांचे खड्डे, म्हणजे १०व्या शतकातलं एक छोटंसं लाकडी देऊळच म्हणा. त्यावर लहान दगडी चर्च. मग नॉर्मन काळात, म्हणजे ११व्या-१२व्या शतकांत, त्याहून मोठं, पूर्वेच्या टोकाला अर्धगोल केलेलं. पुढे पश्चिमेला मनोरा, पण तो भिंतीला लागून न बांधता पश्चिमेच्या भिंतीवरच अर्धा आत अर्धा बाहेर असा बसवलेला. त्यानंतर १२व्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे दक्षिणेला आणि उत्तरेला बाजूची दालनं. नकाशात हे सगळे पाये एकमेकांत घातलेल्या डब्यांसारखे दिसतात. ते नुसतं योगायोगाने तसं होत नाही. रविवारची प्रार्थना थांबवता येत नाही, म्हणून गवंडी पुष्कळदा जुनं चर्च तसंच ठेवून त्याच्याभोवती नवं उभं करत आणि छप्पर चढलं की मधलं जुनं काढून टाकत. आपल्याकडेही मूर्ती न हलवता भोवती नवा सभामंडप उभा राहताना मी पाहिला आहे.

आता कमानी. हा भाग मी जरा सावकाश सांगतो, कारण सारी मेख इथेच आहे.

समजा, चर्चचं मधलं दालन आहे, ज्याला नेव्ह म्हणतात. चारी बाजूंनी भक्कम भिंत, वर छप्पर. जागा पुरेना म्हणून बाजूला दालन जोडायचं ठरलं. भिंत पाडली तर छप्पर खाली येईल. मग पाथरवट भिंतीत ठराविक अंतरावर उभी भगदाडं पाडून तिथे खांब उभे करत, खांबांवर कमान रचत, आणि कमान भार घेऊ लागली की तिच्या पोटातली जुनी भिंत काढून टाकत. वरची भिंत मात्र जागची हलत नसे. त्यामुळे अनेक चर्चमध्ये असा उलटा प्रकार असतो की वरची भिंत जुनी आणि तिला पेलणारी खालची कमान शे-दीडशे वर्षांनी लहान. कधी कधी कमानीच्या माथ्यावर एखाद्या इवल्या नॉर्मन खिडकीचा अर्धा तुकडा लटकलेला दिसतो, उरलेला अर्धा कमानीने खाल्लेला. इंग्लंडमध्ये कुठल्याही खेड्यातल्या चर्चमध्ये शिरलात की मान वर करून आधी हे शोधायचं. पुष्कळदा सापडतं.

बाजूचं दालन म्हणजे नुसती जास्तीची माणसं बसायला जागा, असं समजू नका. तेव्हा बाकं फारशी नव्हतीच, लोक उभे राहत. त्या दालनांत वेगवेगळ्या संतांच्या वेदी असत, मिरवणुकी त्यांतून फिरत, आणि चार पैसे असलेलं घराणं आपल्या मृतांसाठी प्रार्थना व्हावी म्हणून एखादा कोपरा बांधून देई. म्हणजे दालन वाढलं तर गावात माणसं वाढली असतील किंवा पैसा वाढला असेल किंवा कुणाची हौस. पण दालन पाडलं गेलं असेल, तर शंकेला जागा कमी. हौसेने कुणी देवाघरची भिंत पाडत नाही. छप्पर गळायला लागलं, दुरुस्तीला वर्गणी देणारी घरं उरली नाहीत, मग ते दालन उतरवून दगड-लाकूड वाचवायचं आणि उघड्या पडलेल्या कमानी बुजवून पुन्हा बाहेरची भिंत करायची. व्हॉरम पर्सीत पुढच्या शतकांत हेच झालं. दोन्ही बाजूंची दालनं गेली, कमानींच्या पोटात दगड रचले गेले. १७व्या शतकात पूर्वेचा भागही तोडून आखूड केला.

बुजवलेल्या कमानीपाशी हातभर अंतरावर उभे राहा. कमानीचे दगड घडीव, कडा अजून बऱ्यापैकी नेमक्या. आतला भराव वेगळ्या हाताचा, थर कमानीशी जुळत नाहीत, आणि दोन्हींमध्ये सरळ सांधा उतरत जातो. गवंडी एकाच वेळी भिंत बांधतो तेव्हा दगड एकमेकांत गुंतवतो. सरळ सांधा दिसला की तिथे दोन वेगळ्या काळांची गाठ आहे, हे आमच्या धंद्यातलं पहिलं पाऊल. मग खिडकी बघा. बुजवलेल्या भरावात खिडक्या आहेत आणि त्या भरावापेक्षा जुन्या आहेत, कारण पाडलेल्या दालनाच्या खिडक्या काढून इथे बसवल्या. घडवलेली खिडकी महाग, ती कोण टाकून देणार? म्हणून फक्त खिडकीच्या घडणीवरून भिंतीची तारीख सांगू नये. गोल कमान म्हणजे नॉर्मन, अरुंद टोकदार म्हणजे त्यानंतरची, जाळीदार नक्षी म्हणजे १४व्या शतकाकडची, आणि उभ्या सरळ दांड्यांची रुंद खिडकी म्हणजे मध्ययुगाच्या अखेरीची, हा तक्ता प्रत्येक पुस्तिकेत असतो. या टोकदार कमानींच्या शैलींची नावं थॉमस रिकमन नावाच्या गृहस्थांनी १८१७ मध्ये रूढ केली. तक्ता चांगला आहे, पण तो खिडकीचं वय सांगतो. खिडकी आधी कुठे होती, हे त्याला काय माहीत!

यावरून डरहम परगण्यातलं एस्कम आठवलं. ७व्या शतकातलं चर्च, आणि त्याचे दगड जवळच्या बिंचेस्टर इथल्या रोमन किल्ल्यातून आणलेले. उत्तरेच्या भिंतीत एका दगडावर रोमन सैन्याच्या सहाव्या लीजनचं, म्हणजे पलटणीचं, नाव कोरलेलं आहे, उलटं बसवलेलं. गवंड्याला वाचता येत नसावं किंवा फिकीर नसावी. दोन्ही शक्य आहे.

आता पैशाकडे येऊ, कारण त्याशिवाय चर्चची रचना कळत नाही. खेड्यातल्या चर्चचे मुख्य दोन भाग. पश्चिमेचा नेव्ह लोकांचा, पूर्वेचा चॅन्सेल वेदीचा आणि पाद्रीबाबांचा. १३व्या शतकापासून इंग्लंडमध्ये नियम असा रुजला की नेव्हची डागडुजी गावकऱ्यांनी करायची आणि चॅन्सेलची, ज्याला पिकाचा दहावा हिस्सा मिळतो त्या रेक्टरने. देवस्थानाचं इनाम खाणाऱ्याने देवळाचं काय काय बघायचं, हा आपल्याकडचा वाद आठवा, तसंच. म्हणून एकाच चर्चमध्ये नेव्हचं छप्पर देखणं आणि चॅन्सेल कळाहीन, किंवा नेमकं उलट, असं दिसतं. दोन खिसे होते. त्यातून पुष्कळ ठिकाणी रेक्टरची जागा एखाद्या मठाने घेतलेली असे. तो दशांश घेई आणि कामाला कमी पगाराचा विकर, म्हणजे बदली पाद्री, ठेवी. व्हॉरम पर्सीचं चर्चही १४व्या शतकात हल जवळच्या हॉल्टेमप्राइस मठाकडे गेलं. दूरच्या मठाला ओसरत चाललेल्या गावातल्या वेदीवर खर्च करण्यात किती रस असणार, ते तुम्हीच ठरवा.

हा नियम जुन्या पुस्तकातला वाटेल, पण आठव्या हेन्री राजाने मठ मोडीत काढले तेव्हा त्यांच्या जमिनींबरोबर ही जबाबदारीही विकली गेली, आणि ती जमीन आज ज्याच्या नावावर असेल त्याच्या गळ्यात पडू शकते. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कॅंटलो इथल्या शेताच्या मालकांना चॅन्सेलच्या दुरुस्तीचं बिल आलं. ते भांडत हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, गेले आणि २००३ मध्ये हरले. इंग्लंडमध्ये घर घेताना वकील याची स्वतंत्र चौकशी करतो, ते उगाच नाही.

गाव गेलं तरी चर्च का राहिलं? कारण ते एका गावाचं नव्हतं. पॅरिश म्हणजे चर्चची पंचक्रोशी, आणि इथे तर ती शब्दशः पाच वस्त्यांची होती: व्हॉरम पर्सी, रेस्थॉर्प, बर्डेल, टोथॉर्प आणि थिक्सेन्डेल. बाकीच्याही काही वस्त्या आटल्या. थिक्सेन्डेल मात्र टिकलं आणि तिथली माणसं लग्न, बारसं, अंत्यविधी यांसाठी टेकड्या ओलांडून याच चर्चला येत राहिली. गाव उठल्यावर साडेतीनशेहून अधिक वर्षं मेंढ्यांच्या कुरणात एकटं उभं असलेलं चर्च चालू राहिलं ते यांच्यामुळे. १८७० मध्ये थिक्सेन्डेलला स्वतःचं चर्च मिळालं. त्यानंतर इथे फार काही उरलं नाही. शेवटची प्रार्थना १९४९ मध्ये झाली.

आणि गाव उठलं ते प्लेगने, हे तुम्ही तिथे कुणाच्या तरी तोंडून ऐकलं असेल. तसं नाही. १३४८-४९ च्या काळ्या मृत्यूने माणसं गेली हे खरं, पण गाव त्यानंतरही दीडेकशे वर्षं नांदतं होतं. शेवटचा घाव लोकरीने घातला. नांगरापेक्षा मेंढ्यांत पैसा जास्त, आणि मेंढ्यांना राखायला माणसं कमी लागतात. १५०० च्या सुमारास जमीनदाराने उरलीसुरली घरं मोडून रान कुरणाला सोडलं. १५१७ च्या सरकारी चौकशीत इथली चार घरं ओस पडल्याची आणि चार नांगर थांबल्याची नोंद आहे. प्लेगची गोष्ट सांगायला सोपी पडते, कारण तिच्यात कुणाला दोष द्यावा लागत नाही.

चर्चच्या आवारातून आणि आतून मिळून ६८७ जणांचे सांगाडे निघाले. गरीब शेतकऱ्यांचं आयुष्य इतक्या जवळून फार कमी ठिकाणी कळतं. मुलं साधारण दीड वर्षापर्यंत अंगावर पीत, हे हाडांच्या रसायनावरून काढलं गेलं. चौदा वर्षांचा मुलगा उंचीने आजच्या दहा वर्षांच्या मुलाएवढा. तुमची मुलं त्या वयाची असतील तर त्यांना तिथे उभं करून हे सांगा, नीट लक्षात राहील. आणखी एक गोष्ट त्यांना आवडेल. वस्तीतल्या एका खड्ड्यात, म्हणजे दफनभूमीच्या बाहेर, किमान दहा माणसांची १३७ हाडं सापडली. ती मेल्यावर कापलेली, तोडलेली, भाजलेली होती. मेलेली माणसं उठून गावात फिरतील या भीतीने असं केलं असावं, असा निष्कर्ष २०१७ मध्ये मांडला गेला. अभ्यासकांनी भुकेपोटी माणसाचं मांस खाल्ल्याची शक्यताही तपासली, पण मांस काढताना सुरीच्या खुणा जिथे पडतात तिथे त्या नव्हत्या.

मनोऱ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला राहवत नाही. चर्च बंद झाल्यावर दहा वर्षांत, १९५९ मध्ये, त्याचा मोठा भाग कोसळला. उरलेला अर्धा म्हणजे भिंतीचा उभा छेद. मध्ययुगीन भिंत आरपार दगडाची नसते हे तिथे शिकायला मिळतं. आत-बाहेर दगडाची कातडी, आणि मध्ये चुना, खडी, तुकडे यांचा भराव. पाणी आत शिरलं की भराव ढिला पडतो आणि फुगतो, कातडीला पोट येतं आणि एके दिवशी ती सुटते. बाहेरून ओळंबा लावला तर पोट आधी दिसतं, भेग बऱ्याच नंतर.

इथे माझी एक चूक सांगतो. इंग्लंडमधल्या माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका छोट्या चर्चच्या दक्षिण भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरायचं काम माझ्याकडे आलं. जुना चुना भुसभुशीत झाला होता. मी सुचवलेल्या मिश्रणात थोडं सिमेंट होतं, घट्ट बसावं म्हणून. दोन हिवाळे दर्जा छान दिसल्या. तिसऱ्या वसंतात गेलो तर दर्जा जशाच्या तशा आणि त्यांच्यामधल्या दगडांचे चेहरे पापुद्रे होऊन खाली पडलेले. ओल सांध्यातून बाहेर पडत नव्हती, म्हणून दगडातून निघत होती, आणि आत गोठली की दगड फोडत होती. सांधा दगडापेक्षा मऊ हवा, म्हणजे झिजायचं ते सांध्याने झिजावं. आपल्या वाड्यांवरचे म्हातारे गवंडी हे वाक्य न शिकताही पाळत. मी शिकूनही विसरलो होतो. सगळ्या दर्जा बारीक छिन्नीने पुन्हा उकरून काढाव्या लागल्या. दगड मात्र गेले ते गेलेच.

छप्पर शाबूत असलेलं चर्च पाहायला गेलात तर आणखी दोन गोष्टी शोधा. मनोऱ्याच्या पूर्वेच्या अंगावर, आजच्या छपराच्या वर, एक तिरकी रेघ असते, उलट्या व्हीसारखी. ते जुन्या, जास्त उतरत्या छपराचं वळ. मध्ययुगाच्या अखेरीस शिशाच्या पत्र्याची सपाट छपरं आली, तेव्हा जुनं उतरतं छप्पर गेलं आणि वळ राहिला. दुसरं, दक्षिणेच्या दाराजवळ, मांडीपासून खांद्याच्या उंचीपर्यंत, दगडात कोरलेलं छोटं अर्धवर्तुळ आणि मध्यभागी भोक. काडी खोचून सावलीवरून प्रार्थनेची वेळ पाहायचं घड्याळ ते. आतल्या भिंतींच्या पांढऱ्याशुभ्र रूपावर मात्र जाऊ नका. मध्ययुगात त्या रंगीत चित्रांनी भरलेल्या असत. चॅन्सेलच्या कमानीवर तर बहुधा शेवटच्या निवाड्याचं चित्र, तराजू आणि भुतांसकट. प्रॉटेस्टंट राजा सहाव्या एडवर्डच्या काळात, १५४७ नंतर, त्यांवर चुना फिरला. १९व्या शतकातल्या जीर्णोद्धाराच्या लाटेत भिंती दगडापर्यंत खरवडल्या तेव्हा चुन्याखाली जपलेली कितीतरी चित्रं कायमची गेली. त्या खरवडण्याला वैतागूनच विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्था काढली, आणि आम्ही लोक आजही तिच्याच तत्त्वांवर काम करतो: आहे ते जपा, नव्याला जुन्याचं सोंग देऊ नका.

कोरीव काम पाहायचं असेल तर हर्फर्डशरमधल्या किल्पेकला जा. साधारण ११४० चं, लाल वालुकाश्माचं, छपराखाली भिंतीतून पुढे आलेल्या ऐंशीहून अधिक दगडी तोड्यांवर ससा, कुत्रा, मेंढा, एकमेकांना मिठी मारणारी माणसं, आणि एक अशी बाई की मुलांना घेऊन गेलात तर त्या कोपऱ्यावरून जरा भरभर चालावं लागेल. ते चर्च सुंदर आहे. पण त्याचं वय एका आकड्यात सांगता येतं, म्हणून मला त्यापेक्षा व्हॉरम पर्सी जवळचं वाटतं.

पुन्हा जाल तेव्हा नेव्हच्या दक्षिण भिंतीच्या बाहेरून आधी जा, आत नंतर. उन्हाळ्यात दुपारी ऊन भिंतीला घासून जातं तेव्हा बुजवलेल्या कमानींच्या कडा आपोआप वर येतात. सकाळी त्या सपाट दिसतात. वाहनतळापासून सव्वा किलोमीटरभर उतार आहे, पावसानंतर निसरडा, आणि वाटेत गुरं चरत असतात. बूट चांगले घाला.